निळ्या काठाची बशी

बेटाचं नाव लिहिणार नाही. बेट इतकं लहान आहे की नाव सांगितलं तर कोणीही उठून, आम्ही जिच्याकडे राहिलो त्या वासिलिकीच्या दारात जाऊन उभं राहील आणि मी तिथे काय दिवे लावले याची चौकशी करील. इथली मेलबर्नमधली मराठी मंडळी मात्र दोन महिने पिच्छा सोडत नाहीत. "सुधा, ग्रीसबद्दल लिही की गं काहीतरी!" त्यांना पांढरी घरं हवी आहेत, निळा समुद्र हवा आहे. तो मी पाहिला, तो आहेच तसा. पण या प्रवासात मला सगळ्यात जास्त जे दिसलं, ते क्लेटनमधल्या माझ्याच स्वयंपाकघरातलं होतं आणि ते सांगायला लाज वाटते. न लिहिता बसले तर जास्तच वाटेल, म्हणून लिहिते.

क्लेटन, निघण्याआधी

सत्तरच्या दशकाच्या मध्यात आम्ही पुण्याहून मेलबर्नला आलो. माझा नवरा वसंत इथल्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग शिकवतो. मुलगी केतकी तेव्हा तीन वर्षांची होती, आता अकरा पूर्ण. घर घेतलं ते क्लेटन या उपनगरात, आणि कुंपणाच्या पलीकडे होती फोटिनीबाई.

फोटिनीबाई माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. नवरा-बायको दोघंही तरुणपणी ग्रीसहून आलेले, कारखान्यात राबून घर बांधलेले. आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच शुक्रवारी तिने कुंपणावरून एक मोठी बशी पुढे केली. पांढरी, निळ्या काठाची, वर क्रोशाचा रुमाल. त्यानंतर आठ वर्षं दर शुक्रवारी दुपारी ती बशी येत राहिली.

आणि आठ वर्षं मी तिच्यातलं सगळं कचऱ्याच्या बादलीत टाकत राहिले.

कारण सांगते, समर्थन नव्हे. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ऑस्ट्रेलियात पहिल्याच महिन्यात दुकानातून आणलेली बिस्किटं मी चहात बुडवून आनंदाने खाल्ली आणि मग पुड्यावर वाचलं, 'ॲनिमल फॅट'. त्या दिवशी मी तीन वेळा आंघोळ केली. तेव्हापासून परक्या हातचं म्हणजे चरबीचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. फोटिनीबाईला विचारता आलं असतं, तेवढं इंग्रजी दोघींनाही येत होतं. पण विचारलं आणि ती "नाही, चरबी नाही" म्हणाली, तर खावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही.

बशी मात्र रिकामी परत करायची नाही, हे आईने शिकवलेलं. तेवढं मी काटेकोर पाळलं. रविवारी बशी घासूनपुसून तिच्यात बेसनाचे लाडू, शंकरपाळी, दिवाळीला करंज्या, सगळं साजूक तुपातलं, असं काहीतरी घालून परत जायची. फोटिनीबाई तिच्या ग्रीक उच्चारात विचारायची, "सूदा, कसं झालं होतं? गोड जास्त? कडक? खरं सांग." मी म्हणायचे, "व्हेरी नाइस, लव्हली." ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहायची, मग बशी घेऊन आत जायची.

एकदा, दुसऱ्या वर्षी असेल, तिने कुंपणापाशी बोटं मोजत विचारलं होतं, "मांस नाही? मासे नाही? अंडं नाही? आमच्या ईस्टरच्या आधीच्या उपासासारखं? वर्षभर?" माझी डाळ उतू जात होती. विषय संपवायला मी "येस, येस" म्हटलं. तिने बोटांनी छातीवर क्रूसाची खूण केली. हा किस्सा मी पुढे कितीतरी जेवणावळींत रंगवून सांगितला. "माझी ग्रीक शेजारीण मला संतीण समजते हं!" सगळे हसायचे. मीच सगळ्यांत जास्त.

एका गोष्टीचं मला नेहमी नवल वाटायचं. बशी कुंपणावरून आणायचं काम वसंत आणि केतकीचं. आणि तिच्यात बिस्किटं असली की आकडा नेहमी विचित्र असायचा. कधी सात, कधी नऊ, मध्येच एखादी रिकामी जागा. ग्रीक लोक डझनाने मोजत नसतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तर यंदा ऑगस्टच्या शेवटी वसंतची अथेन्सला कॉन्फरन्स निघाली. केतकीची सुट्टीही तेव्हाच होती. फोटिनीबाईला कळलं मात्र, तिने आमचा ताबाच घेतला. तिची धाकटी बहीण वासिलिकी पाच वर्षं मेलबर्नच्या कापड कारखान्यात काम करून परत गेली होती आणि तिने बेटावर समुद्राकाठी हॉटेल काढलं होतं.

"दुसरीकडे राहिलात तर माझ्याशी बोलू नका," फोटिनीबाई म्हणाली.

निघायच्या दिवशीही बशी आली. वसंत टॅक्सीसाठी फोन करत होता, म्हणून त्या दिवशी मीच ती घेतली. खाली तपकिरी घुमटासारखं काहीतरी होतं. मांसाचंच काहीतरी असणार, असं मी ठरवून टाकलं. श्वास रोखून बादलीत उपडं केलं, बशी धुतली, जाळीवर पालथी घातली आणि टॅक्सीत बसले.

बेटावर, पहिला दिवस

विमान, अथेन्स, कॉन्फरन्स, मग सात तासांची बोट, यातलं काही सांगण्यासारखं नाही. बोटीत मला उलट्या झाल्या एवढंच.

धक्क्यावर वासिलिकी स्वतः आली होती. ठेंगणी, रुंद, काळे कपडे, केसांवर पीठ. तिने मला घट्ट धरून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि केतकीला उचललंच. अकरा वर्षांच्या मुलीला!

"पुट मी डाउन, थिया!" केतकी ओरडली. थिया म्हणजे मावशी. हा शब्द ती फोटिनीबाईकडून शिकली होती.

हॉटेलवर इंग्रजीत मोठा फलक होता, 'बीच रिसॉर्ट'. रिसॉर्ट म्हणजे अकरा खोल्या, मागे कोंबड्या आणि पुढे वाळू. खोल्या चुन्याने पांढऱ्याशुभ्र. खिडकी उघडली की समुद्र, इतका स्वच्छ की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं मोजावीत. दुपारी सगळं गाव झोपतं. ऊर भरून येणं म्हणजे काय ते आम्हा पुणेकरांना तेव्हा समजलं. जगाच्या पाठीवर आणखी एक जागा अशी आहे जिथे एक ते चार दुकान उघडं नसतं!

जेवणाची टेबलं वाळूत, झाडांखाली मांडलेली. पण बसायच्या आधी स्वयंपाकघरात जायचं. ही तिथली रीत. यादी-बिदी नाही. वासिलिकीने माझा दंड धरला आणि मला थेट चुलीपाशी नेऊन उभं केलं, एकेका पातेल्यावरचं झाकण उचललं. "हे बघ, वांगं. ही टोमॅटोतली फरसबी. हे नको बघूस, हे बकरं. बोल काय घालू?"

मी अंग चोरून उभी. आमच्याकडे परक्या माणसाला चुलीपाशी नेत नाहीत. मी तर आठ वर्षांत फोटिनीबाईला माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिलेला नव्हता. नेहमी दिवाणखान्यात बसवायचं, चहा तिथेच न्यायचा. ती कधी उठून मागे यायला लागली की मी दारातच आडवी उभी राहायचे.

दुसरी रीत म्हणजे तक्रार. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारा कोळी रोज जेवायला येत असे. पहिला घास तोंडात गेला की तो स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडायचा, वासिलिकी दारात येऊन दुप्पट ओरडायची. मला वाटलं आता भांडी फेकणार.

"काय म्हणतोय तो?" मी तिला विचारलं.

"लिंबू जास्त झालंय म्हणतो."

"मग तो रोज येतो कशाला?"

वासिलिकी माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, जो खातो तोच सांगणार ना? जो नुसता छान छान म्हणतो, त्याची मला काळजी वाटते. त्याने काही खाल्लेलंच नसतं."

मी वांग्याचा मोठा घास घेतला आणि समुद्राकडे बघत बसले.

बुधवार

सकाळी अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घातलेत असं वाटून मी जवळ गेले, तर ते ऑक्टोपस होते. आठ आठ पाय लोंबत. मी किंचाळले, कोंबड्या उडाल्या, केतकी हसून हसून वाळूत लोळली.

"आज बुधवार," वासिलिकी समजूत काढत म्हणाली. "आमचा उपास. मांस नाही, अंडं नाही, लोणी नाही, दूध नाही. हा चालतो. याच्यात रक्त नसतं."

 आठ पायांचं जनावर उपासाला चालतं म्हणे. मग आठवलं, आम्हीही साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप आणि वर दही असा उपास करणारेच. एकादशी, दुप्पट खाशी. वसंतने तेच बोलून दाखवलं आणि मी त्याला गप्प केलं.

त्या संध्याकाळी वासिलिकीने आम्हाला पाहुणे म्हणून नव्हे, घरचे म्हणून स्वतःच्या टेबलावर बसवलं. ती, तिचा नवरा आणि आम्ही तिघं. ऊन उतरलं होतं. भाकरीसारखा जाड पाव, ऑलिव्हचं तेल, उकडलेल्या रानभाज्या, चणे. आणि शेवटी तिने एक बशी आणून मध्ये ठेवली.

निळ्या काठाची. तशीच. तिच्यात एक तपकिरी घुमट.



"घे," तिने सुरीने एक काप काढून माझ्यापुढे ठेवला. "बुधवारचा आहे. तेलातला. दूध नाही, काही नाही."

मी चमच्याच्या टोकावर जरासा घेतला. आणि तो शिरा होता! रवा खमंग भाजलेला, साखरेच्या पाकात शिजवलेला, वर दालचिनी. तुपाच्या जागी ऑलिव्हचं तेल, एवढाच काय तो फरक. सत्यनारायणाला माझी आई मूद पाडते तसाच पाडलेला. निघायच्या दिवशी मी मांस समजून बादलीत जे उपडं केलं होतं, ते हे. शिरा बादलीत टाकणारी बाई मी आजवर दुसरी पाहिलेली नाही.

वासिलिकीने टेबलावर दोन्ही कोपरं टेकली. "आता न्याय कर. फोटिनी लहानपणापासून म्हणते, तिचा हलवा माझ्यापेक्षा चांगला. आई गेली, आता सांगणारं कोणी नाही. दोघींच्या हातचा खाल्लेली जगात तू एकटी आहेस. खरं सांग. कोणाचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तिचा नवरासुद्धा चिरूट खाली ठेवून थांबला. मी काय सांगणार? 

"दोन्ही... व्हेरी नाइस," मी म्हटलं. "लव्हली."

वासिलिकीचा चेहरा पडला. तेवढ्यात वसंत बोलला. "तुमच्या हलव्यात दालचिनी जास्त आहे. तिच्या हलव्यात संत्र्याची साल असते, किसून घातलेली. आणि ती बदाम सोलते, तुम्ही सोलत नाही."

"ॲण्ड थिया फोटिनीज इज स्टिकियर," केतकी म्हणाली. "द बॉटम बिट. आय लाइक द बॉटम बिट."

वासिलिकी टाळी वाजवून हसली, नवऱ्याला ग्रीकमध्ये काहीतरी सांगू लागली, दोघांचं लगेच भांडण जुंपलं. मी वसंतकडे बघितलं. तो चमच्याने बशीतले चार रव्याचे कण मोठ्या काळजीने गोळा करत होता.

जेवण झाल्यावर वाळूवरून चालताना मी त्याला गाठलं. लग्नानंतर पुण्यात मी त्याला 'अहो' म्हणायचे. क्लेटनला आल्यावर ते कधी गळून पडलं कळलं नाही, आणि त्या संध्याकाळी तर माझा 'तू'सुद्धा फार मऊ नव्हता.

"तू खात होतास?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून. गॅरेजमध्ये. केतकी मोठी झाल्यावर तीपण."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? एकदा विचारलं होतं तुला, एक खाऊन बघू का. तू असं बघितलंस, जणू मी त्या बशीत उंदीर आणलाय. रुमाल काढताना तू श्वास रोखतेस, सुधा. तुला माहीत तरी आहे का?"

"चरबी असती तर?"

"मी विचारलं होतं तिला. नसते म्हणाली."

इतकं सोपं होतं. त्याने विचारलं, तिने सांगितलं, त्याने खाल्लं. माझ्या आईच्या सोवळ्यावर कॉलेजात असताना मी किती हसले होते. आणि माझ्या घरात नवरा आणि मुलगी माझ्या भीतीने गॅरेजमध्ये उभं राहून बिस्किटं खात होते. सात आणि नऊच्या आकड्यांचा उलगडा झाला, पण हसू काही आलं नाही.

गुरुवार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच पाण्यात उतरले आणि खडकाजवळ पाय ठेवला तो नेमका काट्यांच्या गोळ्यावर. काळा, चेंडूएवढा, साळिंदरासारखा समुद्री जीव असतो तो. टाचेत बारा-पंधरा काटे मोडले. लंगडत स्वयंपाकघराच्या दारात आले, तर वासिलिकीने मला आत ओढून खुर्चीत बसवलं, स्वतः बुटक्या स्टुलावर बसली आणि माझा पाय सरळ उचलून मांडीवर घेतला.

मी पाय ओढायला लागले. आमच्यात मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि ही माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी बाई. तिने पाय घट्ट धरला, टाचेला कोमट तेल चोळलं आणि सुई घेऊन काटे काढायला बसली. हात चालू, तोंड चालू.

"फोटिनीचं दर महिन्याला पत्र येतं. प्रत्येक पत्रात तू असतेस. 'शेजारची सूदा वर्षभर उपास करते. मी आठवड्यातून दोनच दिवस, बुधवारी आणि शुक्रवारी, करते तर मला जड जातं.' तुझ्यासाठी ती शुक्रवारी पहाटे सगळ्यांच्या आधी करते. माहीत आहे?"

"नाही."

"तुझं आधी, मग घरच्यांचं. तुझ्यासाठी वेगळं पातेलं घेतलंय तिने. वेगळी परात. त्यात कधी मांस शिजलं नाही, अंडं फुटलं नाही. एकदा तिच्या नवऱ्याने त्यात मटणाचा रस्सा गरम केला, तर तिने ते त्याच्या टूलशेडमध्ये फेकलं आणि दुसऱ्या दिवशी बसने जाऊन नवीन आणलं. पाय हलवू नकोस."

मी हलवत नव्हते. खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते.

"आणि तू पाठवतेस ना ते पिवळे गोळे?"

"लाडू."

"ते. त्यात लोणी असतं ना?"

"तूप. म्हणजे लोणीच."

"हां. तर ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिला लोणी चालत नाही. आणि तू तर दर रविवारी पाठवतेस." तिने एक काटा काढून उजेडात धरला. "मग ती डब्यात भरून ठेवते. पाच-सहा आठवड्यांचे. ईस्टरला चर्चमधून घरी आली की आधी लाल अंडं फोडतात सगळे. ती आधी तुझा गोळा खाते. म्हणते, परदेशात मला कोणी आठवणीने करून पाठवतं."

यानंतर मला तिथे बसवेना आणि उठताही येईना. पाय तिच्या मांडीत होता. जे चालत नव्हतं ते तिने चाळीस चाळीस दिवस सांभाळून ठेवलं, आणि जे मला चालत होतं, माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात केलेलं, ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत टाकलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात. मी न खाताच मोजत बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला रडू फुटलं.

"रड, रड," वासिलिकी मायेने म्हणाली. "दुखतं हे फार. लाजू नकोस."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आलेही होते. पण ती इतक्या प्रेमाने माझी टाच पुसत होती की मी म्हटलं, "हो, फार दुखतंय." आणि आणखी एक खोटं त्या घरात ठेवून आले.

शनिवारी निघताना धक्क्यावर तिने मला बजावलं, "पत्रात लिहिलं तर फोटिनी मानणार नाही. तोंडावर सांग तिला. माझा की तिचा. वसंतचं मत नको, पुरुषांना काही कळत नाही. तुझं हवं."

पुन्हा क्लेटन

घराचं दार उघडलं तर जाळीवर निळ्या काठाची बशी तशीच पालथी. तिच्यावर थोडी धूळ बसली होती.

बशी रिकामी द्यायची नाही. पण आता तिच्यात घालायचं काय? आठ वर्षांत पहिल्यांदा मी कॅलेंडर बघितलं. शुक्रवार. तिचा उपास. मग तिळाच्या वड्या केल्या, गुळाच्या, ताटाला तुपाचं बोटही न लावता. पहिला घाणा करपला, दुसरा जमला.

फोटिनीबाई मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होती. मला बघून हातातली नळी तिने टाकली आणि कुंपणापाशी धावत आली. "सूदा! वासिलिकी कशी आहे? जाड झाली? हलवा दिला तिने? सांग, कोणाचा चांगला?"

चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला वाटलं, सांगू नये. कोणाचं काय बिघडतं? इथून पुढे खाईन, झालं. जनाची नाही तर मनाची म्हणतात, पण मनसुद्धा सोयीचंच बोलत होतं. मग तिने नेहमीसारखं मान वाकडी करून म्हटलं, "खरं सांग हं," आणि माझा बांध फुटला.

सगळं सांगितलं. बिस्किटं, पालकाचे पॅटिस, हलवा. बादली. वर्तमानपत्र. आठ वर्षं. वसंत आणि केतकी गॅरेजमध्ये खातात तेही. इंग्रजी मोडकं झालं, पण अर्थ पोचला. तिचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला.

"हलवासुद्धा?" तिने विचारलं.

"हलवासुद्धा."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

तिने माझ्या हातातून बशी घेतली. वड्यांकडे बघितलंही नाही. नळी तशीच वाहत होती, ती बंद न करता आत गेली आणि जाळीचं दार लावून घेतलं.

त्या पुढच्या शुक्रवारी बशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दुपारी वसंत उगाच कुंपणापर्यंत जाऊन यायचा. केतकी मला म्हणाली, "ममी, यू शुडन्ट हॅव टोल्ड हर," आणि मग माझा चेहरा बघून, "ऑर यू शुड हॅव टोल्ड हर एजेस अगो."  तिचं दोन्ही बरोबर होतं. आठ वर्षं ज्या बशीचं मला ओझं वाटायचं, तिची मी खिडकीत उभी राहून वाट बघत होते आणि ती मागायचाही मला हक्क नव्हता.

तिसऱ्या शुक्रवारी कुंपणापलीकडून हाक आली. "सूदा!"

मी धावत गेले. तिच्या हातात काही नव्हतं.

"इकडे ये," ती म्हणाली. "पुढच्या दाराने नको. मागून."

आठ वर्षांत मी तिच्या दिवाणखान्यापलीकडे गेले नव्हते. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि टेबलाशी बसवलं. चुलीच्या वर खिळ्यांना भांडी टांगलेली. त्यातल्या एका पातेल्याच्या कानाला लाल लोकरीचा धागा बांधलेला होता. शेजारच्या परातीलाही तसाच. धागा धुऊन धुऊन फिका झाला होता.

मी बघते आहे हे तिने बघितलं. "तुझं," ती एवढंच म्हणाली.

मग तिने निळ्या काठाची बशी माझ्यापुढे ठेवली. हलव्याचा घुमट शेजारच्या ताटात अजून कोमट होता. एक मोठा काप कापून बशीत घातला आणि समोर हाताची घडी घालून उभी राहिली. "खा. इथे. माझ्यासमोर. आणि व्हेरी नाइस म्हणालीस तर घरी जायचं."

मी खाल्ला. पहिला घास पाण्याबरोबर गिळला. मग नीट चव घेऊन खाल्ला. संत्र्याची साल होती. बदाम सोललेले होते. खालचा थर चिकट, केतकी म्हणते तसा. सगळा काप संपेपर्यंत ती पापणीही न हलवता बघत होती.

"कसा आहे?"

मी चमचा खाली ठेवला.  "साखर जास्त झालीये," मी म्हटलं. "पाक जरा लवकर काढायला हवा होता. वासिलिकीचा यापेक्षा मोकळा होता."

 मग तिने कमरेवर हात ठेवले. "वासिलिकीचा? वासिलिकीचा मोकळा? तिला मेलीला रवा भाजता येत नाही! आई तिला चुलीपाशी उभी करायची नाही! तुला काय कळतंय?" ती त्या बेटावरच्या वासिलिकीसारखीच ओरडत होती, तोच आवाज, तेच हातवारे. ओरडता ओरडताच तिने सुरी उचलली, पहिल्यापेक्षा मोठा काप कापला आणि माझ्या बशीत आदळला. "पुन्हा खा. नीट खा. मग बोल."

मी पुन्हा खाल्ला. साखर जास्तच होती, तेही पुन्हा सांगितलं. आणि उठताना बशी घरी नेली नाही. तिच्याच सिंकमध्ये रिकामी ठेवून आले.